कोळशाची वीज व भीमेचें पाणी

मध्यरात्रीं अंथरुणांतून उठावें, एका हातांत बॅटरी व दुसऱ्या हातांत काठी घ्यावी, आणि पंप सुरू करण्यासाठीं विहिरीची वाट धरावी, हें आमच्या पुष्कळ वाचकांच्या अंगवळणीं पडलेलें आहे. दिवसां आठ तास किंवा रात्रीं दहा तास, आणि तेंहि आठवड्याच्या पाळीनें, अशी शेतीच्या विजेची वांटणी महाराष्ट्रांत अनेक वर्षें चालत आलेली आहे. जुन्नर, आंबेगांव, शिरूर या भागांत उसाच्या फडांतून बिबट्याचें भय. इतरत्र सर्पाचें भय. आणि झोपेचा नाश तर सर्वत्रच. अशा वेळीं शेतकऱ्याच्या मनांत सहज प्रश्न येतो कीं, दिवसां पुण्याचे कारखाने व दुकानें चालतात, मग आमच्याच वांट्यास ही रात्रीची वीज कां? या प्रश्नाचें उत्तर केवळ कोणा अधिकाऱ्याच्या मर्जींत नाहीं. वीज जेथें तयार होते तेथील यंत्रांच्या स्वभावांत तें पुष्कळसें दडलेलें आहे. तो स्वभाव समजून घेतल्यावांचून आपणांस योग्य ती मागणी योग्य त्या ठिकाणीं करतां येणार नाहीं. म्हणून दगडी कोळशावर वीज उत्पन्न करणारें केंद्र कसें चालतें, तें काय खातें व काय पितें, आणि त्याचा आपल्या शेतीशीं संबंध कोणता, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणासाठीं सोलापूरचें केंद्र घेतलें आहे. कारण तें भीमेच्या खोऱ्यांत आहे, आणि पुण्याहून वाहत जाणाऱ्या पाण्याशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध येतो.

पाण्याकडून कोळशाकडे

पश्चिम महाराष्ट्रांत विजेचें मोठें उत्पादन प्रथम सह्याद्रीच्या पाण्यावर सुरू झालें. टाटा यांचें खोपोली येथील केंद्र १९१५ सालीं, भिवपुरी येथील १९२२ सालीं व भिरा येथील १९२७ सालीं चालू झालें. घाटमाथ्यावर पावसाचें पाणी अडवावयाचें, तें मोठ्या नळांतून कोंकणांत खालीं सोडावयाचें, आणि त्या वेगावर चक्रें फिरवावयाचीं, अशी ही योजना. वीज मुंबईस गेली. तिची किंमत मात्र मावळच्या शेतकऱ्यानें दिली. मुळशी येथील धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळांत झालेला सत्याग्रह व त्यांतील सेनापति बापट यांचें नेतृत्व हीं सर्वांस ठाऊक आहेत. धरण झालें, भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं, आणि पूर्वेकडे भीमेस मिळावयाचें मुळेचें कांहीं पाणी कायमचें पश्चिमेस वळलें. विजेचा व शेताच्या पाण्याचा हा तंटा, तेव्हां, आजचा नव्हे. तो शंभर वर्षांचा जुना आहे.

कोळशाची वीजहि या बाजूस कांहीं काल परवां आलेली नाहीं. जी. आय. पी. रेल्वेनें आपल्या विजेच्या गाड्यांसाठीं कल्याणजवळ ठाकुर्ली येथें कोळशावर चालणारें केंद्र १९२९ सालीं सुरू केलें, आणि १ जून १९३० रोजीं मुंबई व पुणें यांच्या दरम्यान दख्खनची राणी धांवूं लागली. पुढें १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें; १९६२ पासून कोयनेची वीज मिळूं लागली. परंतु पाण्यावरील विजेस दोन मर्यादा आहेत. धरणें बांधण्याजोग्या जागा मोजक्याच असतात, आणि पश्चिमेस सोडलेलें पाणी पूर्वेच्या शेतांस मिळत नाहीं. कृष्णेच्या पाण्याच्या वांटणींत कोयनेहून पश्चिमेस किती पाणी सोडावें यावर म्हणूनच बंधन घालण्यांत आलें. उलटपक्षीं चंद्रपूर, नागपूर व यवतमाळ या जिल्ह्यांच्या भूमींत दगडी कोळसा होता. म्हणून मंडळानें कोराडी, खापरखेडा, पारस, भुसावळ, नाशिक, परळी व चंद्रपूर येथें कोळशाचीं केंद्रें उभारलीं. त्यांपैकीं चंद्रपूरचें केंद्र सर्वांत मोठें असून त्याची आजची शक्ति २९२० मेगावॉट आहे. तेथील वीज पश्चिमेकडे आणण्यासाठीं पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची खास वाहिनी १९९९ सालापासून काम करीत आहे. अशा रीतीनें विदर्भांतील कोळसा पश्चिम महाराष्ट्राच्या दिव्यांत व पंपांत येऊन पोंचला.

सोलापूरचें केंद्र त्या मानानें नवें आहे. तें केंद्र सरकारच्या एन. टी. पी. सी. या कंपनीचें असून दक्षिण सोलापूर तालुक्यांत आहे. त्यांत प्रत्येकीं ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ सालीं व दुसरा २०१९ सालीं व्यापारी तत्त्वावर चालू झाला. कोळशाची खाण तेथें जवळपास नाहीं. कोळसा दूरच्या प्रांतांतून आगगाडीनें येतो, आणि पाणी उजनीच्या जलाशयांतून लांब नळानें येतें.

कोळशापासून वीज कशी होते?

या केंद्रांतील क्रिया मूळांत साधी आहे. कोळसा गिरणींत दळून पिठासारखा बारीक करतात व हवेच्या झोताबरोबर भट्टींत सोडतात. भट्टीच्या भिंतींतून पाण्याच्या नळ्या खेळविलेल्या असतात. त्यांतील पाण्याची वाफ होते. परंतु ही वाफ आपल्या चुलीवरील वाफेसारखी नव्हे. सोलापूरसारख्या नव्या पद्धतीच्या संचांत तिचा दाब वातावरणाच्या सुमारें अडीचशें पट व उष्णमान साडेपांचशें अंश सेंटिग्रेडच्याहि वर असतें. ही वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळून मिनिटास ३००० फेरे या गतीनें चक्र फिरविते, आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या जनित्रांतून वीज निघते. काम झालेली वाफ थंड करून तिचें पुन्हा पाणी करतात व तेंच भट्टीकडे परत पाठवितात.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भट्टींतील पाणी फिरून फिरून तेंच वापरलें जातें. त्याचा खर्च थोडा. खरा खर्च होतो तो वाफ थंड करण्यासाठीं लागणाऱ्या दुसऱ्या पाण्याचा. दुरून दिसणारे ते कमरेशीं निमुळते झालेले प्रचंड मनोरे या थंड करण्याच्या कामाचेच आहेत, आणि त्यांच्या तोंडांतून निघणारा पांढरा ढग धुराचा नसून वाफेचा, म्हणजे पाण्याचा असतो. कोळशांत जेवढी उष्णता असते तिच्या शंभर भागांपैकीं चांगल्या संचांतहि चाळीसच्या आसपासच भाग विजेच्या रूपानें हातीं लागतात. बाकीचे बहुतेक त्या मनोऱ्यांतून व धुराड्यांतून आकाशांत जातात.

एका दिवसाचा हिशेब

आतां थोडा हिशेब करूं. दोन्ही संच पूर्ण शक्तीनें चोवीस तास चालले तर सुमारें ३ कोटि १७ लक्ष युनिट वीज तयार होईल. एका युनिटास आपल्याकडील कोळसा साधारणपणें ६०० ते ७०० ग्रॅम लागतो. म्हणजे एका दिवसास सुमारें वीस हजार टन कोळसा हवा. एका मालगाडींत चार हजार टनांच्या आसपास कोळसा मावतो असें धरलें, तर रोज पांच गाड्या रित्या व्हावयास पाहिजेत. हिंदुस्थानच्या कोळशांत राखेचें प्रमाण शेंकडा ३० ते ४० असतें. तेव्हां रोजची राख सहा ते आठ हजार टन झाली. पाण्याविषयीं सरकारनें २०१५ सालीं नियम करून अशा केंद्रांवर मर्यादा घातली. तिच्या अनुरोधानें एका युनिटास ३ ते ३॥ लिटर पाणी लागतें असें समजावें. तीन लिटर धरले तरी रोजचें पाणी साडेनऊ कोटि लिटर होतें.

हाच हिशेब आपल्या पंपास लावून पाहावा. पांच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर तो सुमारें ३५ युनिट वीज घेतो. तेवढी वीज कोळशाच्या केंद्रांत तयार व्हावयाची, आणि वाटेंत तारांतून जी गळती होते तीहि भरून निघावयाची, तर पंचवीस किलोच्या आसपास कोळसा, म्हणजे अर्धें पोतें, जळावा लागतो, आणि शंभर लिटरांहून अधिक पाणी तेथें वाफ होऊन उडून जातें. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस एप्रिल २०२४ पासून पांच वर्षें विनामूल्य वीज देण्याची योजना राज्य सरकारनें जाहीर केली. तीमुळें शेतकऱ्याच्या हातांत बिल येत नाहीं हें खरें. परंतु कोळशाचें अर्धें पोतें कांहीं त्यामुळें वांचत नाहीं. तें कोणीं तरी खणलेलें, कोणीं तरी वाहून आणलेलें व कोणीं तरी पैसे भरून घेतलेलें असतेंच.

अनेक मोटा, एक थारोळें

सोलापूरची वीज सोलापुरास व कोयनेची साताऱ्यास, असा विजेचा प्रकार नसतो. एखाद्या मोठ्या थारोळ्यांत अनेक मोटांचें पाणी पडावें आणि त्यांतून अनेक पाट निघावे, तशी सर्व केंद्रांची वीज एकाच तारांच्या जाळ्यांत पडते व तेथूनच सर्वत्र जाते. रायचूर ते सोलापूर ही वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजीं जोडली गेली, तेव्हां दक्षिणेचें जाळें उर्वरित देशाच्या जाळ्यास मिळून सर्व हिंदुस्थानचें एकच थारोळें झालें. फरक इतकाच कीं, पाण्याचें थारोळें घटकाभर भरून ठेवतां येतें. विजेचें तसें ठेवतां येत नाहीं. ज्या क्षणीं जितकी खपते त्याच क्षणीं तितकी उत्पन्न व्हावी लागते. खप वाढला व उत्पादन तितकें वाढलें नाहीं, तर सर्व जनित्रांची गति मंदावते. सेकंदास पन्नास आवर्तनें हा जो ठराव आहे तो बिघडतो, आणि तो फार बिघडल्यास जाळें कोसळतें. ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तर हिंदुस्थानांत असाच प्रकार होऊन कोट्यवधि लोक अंधारांत राहिले. हा तोल क्षणोक्षणीं राखण्याचें महाराष्ट्रापुरतें काम कळवा येथील भारप्रेषण केंद्र करतें.

तोल राखतांना कोणतें केंद्र केव्हां चालवावयाचें याचा नियम असा कीं, ज्याची वीज स्वस्त त्यास आधीं बोलवावयाचें व महाग त्यास मागाहून. खाणीच्या तोंडाशीं असलेल्या केंद्राचा कोळसा स्वस्त पडतो. सोलापुरास तो लांबून आणावा लागतो, व भाड्यानें त्याची किंमत वाढते. यामुळें प्रारंभींच्या वर्षांत हें केंद्र बांधून तयार असतांहि अनेकदां कमी शक्तीवर चालविलें गेलें किंवा थांबवून ठेवलें गेलें. केंद्र जवळ असलें म्हणजे वीज स्वस्त मिळते, ही समजूत यावरून बरोबर नाहीं असें दिसून येईल.

शेताला रात्रीची वीज कां?

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. पाण्याचें केंद्र दार उघडतांच कांहीं मिनिटांत चालूं लागतें व दार लावतांच थांबतें. म्हणून कोयनेचें पाणी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेसाठीं जपून वापरतात. कोळशाच्या केंद्राचें तसें नाहीं. थंड पडलेली भट्टी पुन्हा पूर्ण शक्तीवर आणण्यास अनेक तास लागतात, त्यासाठीं तेल जाळावें लागतें, आणि वारंवार तापण्यानें व निवण्यानें नळ्यांचें आयुष्य घटतें. चालू भट्टीहि आपल्या शक्तीच्या साधारण निम्म्याखालीं उतरवणें अवघड असतें. म्हणजे कोळशाचें केंद्र जुंपलेल्या बैलासारखें चालतच राहतें. दिवसां कारखाने, कचेऱ्या व दुकानें त्याची वीज घेतात. रात्रीं अकरानंतर शहर झोपतें, पण भट्टी झोपत नाहीं. या रात्रीच्या विजेस गिऱ्हाईक पाहिजे असतें, आणि तें गिऱ्हाईक म्हणून शेतीचे पंप पुढें केले गेले. पंपाचें पाणी रात्रीं दिलें काय अन् दिवसां दिलें काय, पिकास सारखेंच, असा यांतील विचार. पाणी धरणाऱ्या माणसाचा विचार मात्र त्या हिशेबांत कोणीं धरला नाहीं.

यांत शहर व खेडें यांच्या ऐपतीचाहि भाग आहे. विजेची मोठी तूट असतांना, २००६ सालीं, पुणें शहरानें एक तोड काढली. येथील कारखान्यांनीं आपलीं तेलावर चालणारीं जनित्रें गरजेच्या वेळीं चालवावीं, तेवढा भार जाळ्यावरून उतरावा, आणि त्याचा जादा खर्च शहरांतील ग्राहकांनीं वाढीव आकार देऊन सोसावा, अशी ती योजना होती. वीज नियामक आयोगानें तिला मान्यता दिली, आणि आसपासच्या खेड्यांत तासन् तास वीज जात असतां पुण्यांतील भारनियमन टळलें. पुणेंकरांनीं कोणाची वीज चोरली असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं पैसे मोजले. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, अंधार कोणाच्या वांट्यास येतो हें यंत्राच्या स्वभावाइतकेंच संघटनेवर व ऐपतीवर अवलंबून असतें. शहर एकत्र बसून योजना घेऊन गेलें. खेडीं आपापल्या रोहित्रापाशीं एकेकटीं भांडत राहिलीं.

उजनीचें पाणी

पानशेत, वरसगांव, टेमघर व खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांतून पुणें पितें, आणि कालव्यानें हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांचीं शेतें भिजतात. शहरानें वापरलेलें पाणी कांहीं शुद्ध होऊन तर कांहीं तसेंच मुळा-मुठेंत उतरतें, दौंडच्या अलीकडे भीमेस मिळतें व उजनींत जाऊन पडतें. १९८० सालीं पुरें झालेलें उजनीचें धरण एकंदर ११७ अब्ज घनफुटांचें आहे; त्यांपैकीं उपयुक्त सांठा सुमारें साडेत्रेपन्न. त्याच जलाशयांतून सोलापूर शहरास, ऊंसवाल्यास, डाळिंबवाल्यास व या वीजकेंद्रास पाणी जातें. पुणेंकराच्या न्हाणींतून निघालेलें पाणी अशा रीतीनें सोलापुरास वाफ थंड करतें, आणि ती वीज तारेनें पुन्हा त्याच जाळ्यांत येते ज्यांतून पुणें उजळतें.

केंद्र वर्षभर पूर्ण शक्तीनें चाललें तर त्याचें पाणी सव्वा अब्ज घनफुटांच्या आसपास होईल. उजनीच्या उपयुक्त सांठ्याच्या मानानें हें शेंकडा दोन-अडीच पडतें. पाटानें भिजणाऱ्या एक एकर उसास वर्षाकांठीं आठ हजार घनमीटर पाणी धरलें, तर तेवढ्या पाण्यावर सुमारें सवाचार हजार एकर ऊंस होईल. यावरून दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. केंद्र सारें धरण पिऊन टाकतें हा आक्षेप अतिशयोक्तीचा आहे. परंतु तें पाणी नगण्य आहे असें म्हणणेंहि खरें नव्हे, कारण सवाचार हजार एकर म्हणजे कित्येक गांवांचा संसार आहे.

आणि खरी अडचण प्रमाणाची नसून वेळेची आहे. शेतकरी दुष्काळांत पेरा कमी करतो, ऊंस मोडतो, बाग तोडतो. भट्टीला असें करतां येत नाहीं. तिला चालावयाचें असेल तर पाणी रोज पाहिजे. परळी वैजनाथचें उदाहरण आमच्या डोळ्यांपुढें आहे. तेथील ११३० मेगावॉटचें केंद्र २०१३ सालच्या फेब्रुवारींत पाण्याच्या अभावीं सर्वच्या सर्व बंद ठेवावें लागलें, आणि २०१५ सालीं पुन्हा तोच प्रसंग आला. कोळसा होता, यंत्रें होतीं, कामगार होते, पाणी नव्हतें. त्या वर्षीं बीडच्या शेतकऱ्याच्या विहिरींत पाणी नव्हतें, आणि त्याच्या जिल्ह्यांतील वीजकेंद्रहि थंड होतें. उजनीचा सांठाहि २०२४ सालच्या उन्हाळ्यांत मृत सांठ्याच्या पातळीखालीं खोल गेला होता. म्हणून पाण्याच्या प्रश्नांत वीजकेंद्र व शेतकरी हे एकमेकांचे शत्रु आहेत असें समजण्यांत अर्थ नाहीं. दोघेहि एकाच घागरीवर अवलंबून आहेत.

यावर एक उपाय सरकारी धोरणांतच सांगितलेला आहे. शहराच्या सांडपाण्याचें शुद्धीकरण करणारें केंद्र ज्या वीजकेंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आंत आहे, त्या वीजकेंद्रानें तें शुद्ध केलेलें सांडपाणी वापरावें, असें केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या वीजदर धोरणांत म्हटलें आहे. सोलापूर शहर या केंद्रापासून जवळच आहे. मनोऱ्यास गोड्या पाण्याची आवड नाहीं. त्यास थंडपणा पाहिजे. सांडपाणी मनोऱ्यास व धरणाचें पाणी माणसांस, जनावरांस व पिकांस, ही वांटणी न्याय्य आहे, आणि भीमेच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं ती एकमुखानें मागावी.

राखेसंबंधानेंहि दोन शब्द. कोळशाची राख सिमेंटांत व विटांत उपयोगी पडते, आणि तिची अशी विल्हेवाट लावण्याचें बंधन केंद्रांवर आहे. परंतु न उचललेली राख तळ्यांत सांठते. २०२२ सालच्या जुलैंत नागपूरजवळ खसाळा येथें राखेचा बंधारा फुटून राखेचें पाणी शेतांत व ओढ्यांत शिरलें. राख शेतांत टाकल्यास जमीन सुधारते असें कोणी सांगितल्यास, माती व राख दोन्ही प्रयोगशाळेंत तपासून घेतल्यावांचून त्या भरीस पडूं नये. कारण राखेंत जड धातूंचे अंश असतात.

सूर्य दिवसाचा, कोळसा रात्रीचा

गेल्या कांहीं वर्षांत या सर्व व्यवस्थेंत मोठा पालट होत आहे. सूर्यप्रकाशावरील वीज स्वस्त झाली आहे, व ती नेमकी दिवसां मिळते. गांवच्या उपकेंद्राजवळच सौर पट्ट्यांची मांडणी करून त्या वाहिनीवरील पंपांस दिवसां वीज द्यावी, ही मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं आरंभिली, आणि २०२३ सालीं तिचें दुसरें स्वरूप हातीं घेतलें. पूर्वीं दिवसां तूट व रात्रीं शिल्लक असा प्रकार होता. आतां दुपारीं शिल्लक व सूर्य मावळल्यावर तूट असा उलटा प्रकार होऊं लागला आहे. ज्या कारणानें पंपांना रात्र दिली गेली तें कारणच अशा रीतीनें ढासळत चाललें आहे. शेतकऱ्यानें हें नीट समजून घ्यावें. कारण दिवसाची वीज मागणें हें आतां नुसतें गाऱ्हाणें राहिलेलें नसून जाळ्याच्या सोयीचेंहि आहे.

मग कोळशाचें केंद्र निकामी झालें काय? नाहीं. पावसाळ्यांतील ढगाळ आठवडे, संध्याकाळची दिवेलागण व रात्रीचे कारखाने यांचा भार अजूनहि मुख्यतः त्याच्यावरच आहे. मोठमोठ्या विद्युत्संचयांत वीज सांठविण्याची सोय वाढत आहे. परंतु सर्व रात्र त्यावर निभावेल इतकी ती अद्याप झालेली नाहीं. कोळशाचें केंद्र दिवसभर राबणाऱ्या बैलाऐवजीं रात्रीच्या राखणदाराचें काम हळूहळू पत्करीत आहे. दुपारीं त्यास जितका विसांवा द्यावा तितका कोळसा वांचेल, आणि तितकेंच उजनीचें पाणीहि वांचेल.

आपण काय करावें?

प्रथम, पंप चांगला असावा. ताऱ्यांच्या मानांकनाचा पंप, योग्य मापाचे नळ व गळका नसलेला फूटव्हॉल्व्ह यांनीं त्याच पाण्यास कमी वीज लागते. दुसरें, प्रत्येक मोटारीस योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडावा. त्यानें तारांवरील प्रवाह कमी होऊन विजेचा दाब टिकतो व मोटार जळण्याचा संभव घटतो. तिसरें, आपोआप पंप सुरू करणारा ऑटोस्विच काढून टाकावा. वीज येतांच सर्व पंप एकदम उचल घेतात व रोहित्र जळतें. शिवाय धनी झोपलेला असतां पाणी बांध फोडून वाहत जातें. चवथें, उसास ठिबकानें पाणी द्यावें. पाणी वांचतें तितकी वीजहि वांचते. पांचवें, सौर वाहिनीसाठीं गांवच्या उपकेंद्राजवळील गायरान वा पडीक जमीन सुचविण्याचें काम ग्रामसभेनें व सहकारी सोसायटीनें पुढाकार घेऊन करावें. एकट्यादुकट्याच्या अर्जास जो वेळ लागतो तो सर्वांच्या ठरावास लागत नाहीं.

एक इशाराहि दिला पाहिजे. दिवसां वीज विनामूल्य व मुबलक मिळूं लागली म्हणजे विहिरी व विंधनविहिरी लवकर आटण्याचा धोका आहे. रात्रीच्या विजेनें आपली झोप घेतली. दिवसाच्या विजेनें आपलें भूजल जाऊं नये. म्हणून विजेच्या पाळीबरोबर पाण्याची पाळीहि गांवानें ठरवावी.

मुळशीच्या शेतकऱ्यास वीज म्हणजे काय हें नीट कळण्यापूर्वींच तिची किंमत मोजावी लागली. आज भीमेच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यास तिचा हिशेब कळण्यास कांहींच अडचण नाहीं. कोळसा किती, पाणी किती, वीज कोणास व कोणत्या वेळीं, हे चार आंकडे हातीं घेऊन जो समाज सरकारदरबारीं जाईल, त्याच्या बोलण्यास वजन येईल. आमच्या वाचकांनीं हा विषय आपापल्या गांवच्या बैठकींत अवश्य काढावा, अशी आमची त्यांस विनंति आहे.